इंदुरात गाडी अडवली तर: नव्याने आलेल्या मराठी माणसासाठी

माझा भाचा पुण्याहून इंदुरात आला तो सुपर कॉरिडॉरवरच्या एका आयटी कंपनीत नोकरीला. बाइक रेल्वेने आणली, एमएच १२ची. तिसऱ्याच दिवशी पलासिया चौकात सिग्नलला गाडी झेब्रावर उभी केली म्हणून एका यातायात पोलिसाने त्याला हात केला. यातायात म्हणजे आपलं ट्रॅफिक. इंजिन चालू, हेल्मेटची काच खाली, एका कानात गाणं, आणि हा म्हणतो कसा, "क्या हुआ मामा? बोलो ना." पोलीस काही बोलला नाही. त्याने मागे वळून मॅडमना हाक मारली. मॅडमनी सगळे कागद मागितले. झेब्राचं एक चलान व्हायचं, तिथे पीयूसी संपल्याचं आणि नंबरप्लेटचं धरून तीन झाली.

घरी येऊन मला विचारतो, "मामा, माझं काय चुकलं?"

मी इथलाच, रामबागेतला. चाळीस वर्षं या गावात गाडी चालवतोय आणि अडवलाही गेलोय पुष्कळदा. भाच्याला जे सांगितलं तेच इथे सविस्तर लिहितो, कारण दर वर्षी राऊपासून सुपर कॉरिडॉरपर्यंत महाराष्ट्रातून नवी पोरं येत असतात आणि त्याच त्या चुका करतात.

आधी कागद, मग किल्ली

लायसन्स, आरसी, विमा, पीयूसी हे चार कागद. मूळ प्रती खिशात नसल्या तरी चालतं. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम १३९ इलेक्ट्रॉनिक कागद मान्य करतो, त्यामुळे डिजीलॉकर किंवा एमपरिवहन अ‍ॅपमधला कागद दाखवता येतो. गॅलरीतला स्क्रीनशॉट म्हणजे तो कागद नव्हे, यावरून चौकात वाद घालू नका. अ‍ॅप घरूनच उघडून ठेवा. पोलिसाला उभं ठेवून पासवर्ड आठवत बसणं हाही एक उद्धटपणाच वाटतो.

पीयूसीची तारीख बघा. कायद्यात त्याचा दंड १०,००० रुपयांपर्यंत जाऊ शकतो, आणि कागद निघतो शंभर-दोनशेत.

नंबरप्लेटबद्दल दोन शब्द जास्त. महाराष्ट्रात 'दादा' किंवा 'बॉस' वाचता येईल असे आकडे वळवून लिहायची हौस आहे, काहींना मराठी आकड्यांचीही. नियमाने अक्षरं इंग्रजी आणि आकडे साधे हवेत, आणि प्लेट हाय सिक्युरिटी हवी. परराज्याची प्लेट तशीही लांबून डोळ्यात भरते, त्यात ती अशी असली तर तुम्ही स्वतःच हात दाखवून थांबवून घेतल्यासारखं आहे. गाडी बारा महिन्यांहून जास्त इथे राहणार असेल तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ४७ नुसार तिची इथे पुन्हा नोंदणी करावी लागते. त्यासाठी तिकडच्या आरटीओचं ना-हरकत प्रमाणपत्र आणायचं आणि इथे नायता मुंडल्याच्या आरटीओत जायचं. "मी कालच आलोय" हे वाक्य दीड वर्ष वापरणारे लोक मला माहीत आहेत. पोलिसांनाही माहीत आहेत.

हेल्मेट दोघांनाही लागतं, मागे बसलेल्यालाही. कलम १२९ तसंच म्हणतं. २०२५च्या ऑगस्टपासून तर इथे हेल्मेट नसेल तर पंपावर पेट्रोल देऊ नये असा जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश लागू झाला होता. तेव्हा पंपाबाहेर एकच हेल्मेट आळीपाळीने पाच जणांच्या डोक्यावर फिरताना मी पाहिलंय.

हात दाखवला की

गणवेशातल्या पोलिसाने हात केला की थांबायचं. हे सौजन्य नाही, कायदा आहे. मागे वळून गल्लीत घुसायचं नाही, गर्दीचा फायदा घेऊन पुढे सटकायचं नाही. नंबर कॅमेऱ्यात आणि वर आदेश न पाळल्याचं कलम १७९, त्याचे कायद्यात २,००० रुपये.

डावा इंडिकेटर द्या, आरशात बघा, कडेला घ्या. मग ओळीने: इंजिन बंद, किल्ली काढून स्वतःच्या हातात, कानातली बोंडं बाहेर, गॉगल वर, हेल्मेट काढून टाकीवर. किल्लीचं मुद्दाम सांगतो. पोलिसाने गाडीची किल्ली काढून घेतली यावरून चौकाचौकांत जेवढी भांडणं होतात तेवढी दंडावरून होत नसतील. तो ती काढतो कारण समोरचा पळेल अशी त्याला धास्ती असते. तुमची किल्ली तुमच्याच हातात लोंबताना दिसली की तो प्रश्नच उरत नाही.

चारचाकीत असाल तर काच पूर्ण खाली घ्या, दोन बोटांची फट ठेवून बोलू नका. गाणी बंद. रात्री आतला दिवा लावा. उतरायचं की बसून राहायचं? मी बसून राहतो आणि विचारतो, "सर, उतरूँ क्या?" चलानाचं यंत्र कडेच्या बॅरिकेडपाशी असेल तर ते बोलावतातच.

बोलायचं कसं

खरी गोम इथे आहे, म्हणून इथे जरा रेंगाळतो.

आपल्या मराठीत 'तुम्ही' म्हटलं की मान दिला. तो कान घेऊन आपण हिंदीत शिरतो आणि 'तुम' म्हणतो. आपल्या मनात 'तुम्ही' असतं. समोरच्याला ऐकू येतं बरोबरीच्याला किंवा धाकट्याला मारलेली हाक. इथे 'आप' हवं, आणि क्रियापदही त्याच्या तोलाचं. 'दिखाओ' नाही, 'दिखाइए'. 'बोलो' नाही, 'बताइए'. 'सुनो ना' हे आपल्या 'ऐका ना'चं शब्दशः हिंदी, पण त्यातली विनंती वाटेत गळून जाते. आणि 'सुन लो' तर सरळ दम दिल्यासारखं लागतं.

'मेरेको', 'तुमको', 'किधर जाने का' ही मुंबई-पुण्याची हिंदी ऐकली की इथला माणूस हसतो किंवा चिडतो. बारा तास उन्हात उभा असलेला पोलीस सहसा हसत नाही. 'अपन' हा शब्द इंदुरात रोज ऐकाल, तो 'आपण' म्हणजे 'आम्ही-तुम्ही' अर्थाने, मित्रामित्रांत. "अपन तो सीधे जा रहे थे" हे पोलिसाला सांगायचं वाक्य नव्हे.

संबोधन: 'सर' किंवा 'मैडम'. बस्स. 'भिया' हा इंदूरचा लाडका शब्द, पोहेवाल्याला म्हणा, पोलिसाला आपण होऊन म्हणू नका. 'मामा' तर नाहीच. पुण्या-मुंबईत वाहतूक पोलिसाला मामा म्हणायची पद्धत आहे, पण मध्य प्रदेशात मामा म्हणजे माजी मुख्यमंत्री शिवराजसिंह चौहान, असं पोराबाळांनाही ठाऊक आहे. त्यांचं नाव घेऊन पोलिसाला का छेडायचं?

हुद्देही वेगळे आहेत. शिपाई म्हणजे आरक्षक, हवालदार म्हणजे प्रधान आरक्षक, ठाण्याचा प्रमुख म्हणजे टीआय. आणि यातायातमध्ये दोन स्टारवाला अधिकारी दिसला तर तो बहुधा सूबेदार असतो. सुभेदार मल्हाररावांच्या गावात रेड सिग्नलसाठी सूबेदाराने अडवावं याची मला अजून गंमत वाटते. हुद्दा ओळखू आला नाही तरी काही बिघडत नाही, 'सर' सगळ्यांना चालतं.

पहिलं वाक्य "क्या हुआ?" नसावं. मराठीत "काय झालं?" हा साधा प्रश्न आहे, तोच थेट हिंदीत अंगावर गेल्यासारखा येतो. "नमस्ते सर" म्हणा आणि थांबा. त्याला बोलू द्या. मग "जी, बताइए." हा 'जी' फार कामाचा आहे. मराठीत त्याला नेमका जोड नाही, म्हणून आपल्या तोंडी बसत नाही. आठवडाभर दूधवाल्यावर सराव करा.

उलट बाजूही सांगतो. तो तुम्हाला म्हणेल, "गाड़ी साइड में लगाओ, कहाँ जा रहे हो?" माळव्यात 'आप' आणि 'हो' एकत्र नांदतात, त्यात अपमान शोधू नका. तो 'तुम' म्हणाला तरी तुम्ही 'आप'च ठेवा. दोन-तीन वाक्यांत तोही बहुतेक 'आप'वर येतो, हे मी अनेकदा पाहिलंय.

मराठीतले काही शब्द हिंदीत भलतंच बोलतात. आमच्या शेजाऱ्यांकडे सांगलीहून आलेले पाहुणे रीगल चौकात कळवळून म्हणाले, "सर, इतनी छोटी गलती की इतनी बड़ी शिक्षा?" पोलीस म्हणाला, "शिक्षा तो स्कूल में मिलती है, यहाँ चालान मिलता है." नशीब, 'माझी चेष्टा करू नका' याचं भाषांतर त्यांनी केलं नाही; हिंदीत चेष्टा म्हणजे प्रयत्न.

आणि मराठीचं काय? छातीवरच्या पट्टीवर जोशी दिसलं म्हणून "अहो जोशी" करून सुरू होऊ नका. जोशी माळव्यातलेही असतात. खरोखरच मराठी निघाला तर तो आपण होऊन "कुठले तुम्ही?" विचारतो, तेव्हा बोला. आधीच मराठी काढणं म्हणजे नातं सांगून सूट मागणं, आणि शेजारी उभ्या त्याच्या साहेबासमोर ते त्याला अडचणीचं होतं.

चूक झालीच असेल तर

"गलती हो गई सर, चालान बना दीजिए." एवढंच. कारण सांगायचं तर एक, खरं आणि छोटं. आई दवाखान्यात आहे हे कारण खरं असेल तरच सांगा. रोज दहा जणांच्या आया त्याच चौकात आजारी पडतात.

"देख लीजिए ना सर", "कुछ कर लीजिए" ही वाक्यं टाळा. आपल्याकडे "बघा ना काहीतरी" ही नुसती गयावया असते. इथे त्याचा अर्थ चिरीमिरीची तयारी असा लागू शकतो. २०१८च्या दुरुस्तीनंतर भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात देणाराही गुन्हेगार आहे, सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. कुणी भाग पाडून घेतलीच तर सात दिवसांच्या आत तक्रार करणाऱ्याला कायदा संरक्षण देतो. मध्य प्रदेशात त्यासाठी लोकायुक्त पोलीस आहेत. पाचशेची नोट लायसन्सच्या घडीत घालून देणं ही नम्रता नाही, हे मी भाच्याला दोनदा सांगितलं. तो त्या विचाराचा नाही, पण ऑफिसातले मित्र शिकवतात.

एक इंदुरी रोग तुम्हाला लगेच दिसेल: खिशातून मोबाइल काढायचा, कुणाला तरी लावायचा आणि पोलिसापुढे धरायचा, "लो, बात करो." मीही तरुणपणी केलंय. एका साहेबांची ओळख सांगितली, फोन लागेना, आणि दहा मिनिटांत सुटणारं काम चाळीस मिनिटं चाललं. शेवटी दंड भरलाच, वर "साहब को हमारा भी नमस्ते कहना" हे ऐकून घेतलं. आता तर यंत्रात नोंद झाली की ती कुणाच्या फोनने पुसली जात नाही.

जागेवरच भरायच्या दंडाच्या रकमेला इथे समन शुल्क म्हणतात. कोर्टाचं समन्स नव्हे, घाबरू नका. तडजोडीची रक्कम ती. कायद्यात हेल्मेटचे १,००० रुपये असले तरी तडजोडीची रक्कम राज्य ठरवतं, त्यामुळे पुण्यात किती पडले होते ते इथे सांगत बसू नका. यंत्रावर दिसेल ती रक्कम, कार्डाने किंवा क्यूआरने. रोख दिली तरी पावती. पावतीवर गाडीचा नंबर, जागा, वेळ, कलम आणि रक्कम एवढं तिथेच वाचा. नंबरातला एक आकडा चुकला तर दुसऱ्याचा दंड तुमच्या नावावर बसतो, आणि तो काढायला किती वेळ घालावा लागतो ते लिहायला हा लेख पुरणार नाही. लायसन्स जप्त केलं तर कलम २०६ नुसार त्याची पोच मिळते; "सर, इसकी रसीद दे दीजिए" हे शांतपणे मागायचं आणि ती हातात आल्याशिवाय निघायचं नाही.

चूक नाही असं वाटत असेल तर

एकदा सांगा. "सर, मेरी बात सुन लीजिए, सिग्नल पीला था जब मैंने लाइन पार की." फोटो किंवा कॅमेऱ्याचं चित्र असेल तर दाखवायची विनंती करा. पटलं नाही तर पैसे भरू नका, कारण समन शुल्क भरणं म्हणजे चूक कबूल करणं. "मैं कोर्ट में बात रख लूँगा, चालान कोर्ट का बना दीजिए" असं म्हणायचा हक्क तुम्हाला आहे, आणि तो आवाज न चढवता म्हणता येतो. खरं तर आवाज न चढवता म्हटला तरच तो हक्क वाटतो.

छातीवरच्या पट्टीवरचं नाव आणि वेळ मनात टिपा. मोबाइल त्याच्या नाकासमोर धरून "लाइव जा रहा हूँ" म्हणू नका. चित्रीकरण करावंसं वाटलंच तर छातीच्या उंचीला धरा आणि तसं सांगा. बऱ्याचदा त्याच्याही खांद्यावर कॅमेरा असतो, तुमचा सूर त्यातही जातोय.

हात लावायचा नाही. कॉलर नाही, मनगट नाही, यंत्रावर हात ठेवून "रुकिए" नाही. कामात अडथळा हे भारतीय न्याय संहितेचं कलम २२१, आणि धक्काबुक्कीपर्यंत गेलं तर कलम १३२, त्याला दोन वर्षांपर्यंत कैद. झेब्राच्या दंडावरून तिथवर जाऊ नये.

तक्रार दुसऱ्या दिवशी, लेखी, डोकं थंड झाल्यावर. डिसेंबर २०२१पासून इंदुरात पोलीस आयुक्तालय आहे, यातायातसाठी वेगळे उपायुक्त आहेत. राज्याची १८१ ही सीएम हेल्पलाइनही आहे. इथले लोक ती मोकळ्या हाताने वापरतात, तुम्हीही वापरा.

रात्रीची तपासणी

विजयनगरच्या बाजूला शनिवार-रविवारी रात्री तोंडात नळी देतात. प्यायला असाल तर गाडी चालवूच नका, त्याचा नम्रतेशी संबंध नाही: १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम ही मर्यादा, पहिल्याच वेळी १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. प्यायला नसाल तर फुंकर मारायला नकार देऊ नका; विनाकारण नकार कायद्याने तुमच्याच विरुद्ध धरता येतो. नळी नवी हवी असेल तर "सर, पाइप नया लगा देंगे?" असं विचारायला लाजू नका. सराफ्यातून, म्हणजे सराफा बाजारातल्या रात्रीच्या खाऊगल्लीतून, खाऊन येताय असं सांगितलं की बहुतेक पोलीस काय खाल्लं ते विचारतात, तेवढाच विरंगुळा.

एकट्या मुलींनी गाडी उजेडात, दुकानासमोर घ्यावी आणि "सर, थोड़ा आगे लाइट में रोक रही हूँ" असं हाताने खुणावून सांगावं. घरी फोन करून चौकाचं नाव कळवलं तर त्यात कुणी वावगं मानत नाही. अंगझडतीची वेळ आली तर ती महिला पोलिसानेच घ्यायची असते, हे स्पष्ट सांगा.

मोबाइलवर येणारं चलान

अडवलंच नाही तरी चौकातला कॅमेरा चलान पाठवतो. इथे एक नवी ठगी आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर 'आपका चालान' म्हणून अ‍ॅपची फाइल येते. ती उतरवली की बँकेचं खातं गेलं. फाइल उघडू नका. परिवहन खात्याच्या ई-चलान संकेतस्थळावर स्वतः गाडीचा नंबर टाकून बघा. मूळ चलानाला बहुधा फोटो असतो, आणि हरकत नोंदवायची सोयही तिथेच आहे.

बॅरिकेड असेल त्या दिवशी

रंगपंचमीला राजवाड्याभोवती गेर म्हणजे रंगाची मिरवणूक निघते, अनंत चतुर्दशीच्या रात्री गिरण्यांच्या झाँक्या म्हणजे चित्ररथ निघतात. त्या दिवशी निम्मं शहर बॅरिकेडमागे असतं आणि "मेरा घर वहीं है" हे वाक्य पोलिसाने सकाळपासून तीनशे वेळा ऐकलेलं असतं. तेव्हा आत सोडा म्हणू नका, बाहेरची वाट विचारा: "सर, रामबाग जाना है, किधर से निकलूँ?" मागच्या अनंत चतुर्दशीला भाच्याने हेच विचारलं. पोलिसाने काठीनेच रस्त्यावर नकाशा काढून तीन गल्ल्या, एक पूल आणि एक कचोरीचं दुकान सांगितलं, आणि वर म्हणाला, "निकल लो भिया, आराम से."